रिकाम्या पडद्यावरची पहिली कवडी

घरातील संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. विजेचे देयक भरणे, रेल्वेचे आरक्षण करणे, निवृत्तिवेतन खात्यावर जमा झाले की नाही ते पाहणे, अशी कितीतरी कामे आपण घरबसल्या उरकतो. त्याच संगणकावर सायंकाळी घरातील मुले अभ्यासाला बसतात आणि अभ्यास संपला की खेळायलाही बसतात. एकाच यंत्रात घराची तिजोरी आणि मुलांचे अंगण अशी दोन्ही ठिकाणे शेजारी शेजारी नांदत असतात. या दोहोंमधील भिंत किती पातळ आहे, याची जाणीव मला माझ्या नातीमुळे झाली. ती भिंत नीट बांधली की अंगणात काय काय उगवू शकते, हेही तिनेच मला दाखविले.

आम्ही आनेकलला राहतो. बेंगळूरु शहर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, तमिळनाडूच्या सीमेला टेकलेले हे गाव. शहाजीराजांना सन १६३८ च्या सुमारास बेंगळूरुची जहागीर मिळाली. तेव्हापासून या मुलखात मराठी बोलणारी कुटुंबे वसत आली आहेत. आमचे कुटुंब मात्र अलीकडचे, चिरंजीवांच्या नोकरीमुळे इकडे आलेले. ज्या इलेक्ट्रॉनिक सिटीमुळे बेंगळूरुचे नाव जगभर झाले, ती याच आनेकल तालुक्यात आहे. रा. कृ. बाळिगा यांच्या कल्पनेतून, केऑनिक्स या राज्य सरकारच्या महामंडळाने १९७८ मध्ये ३३२ एकर जमिनीवर तिची उभारणी सुरू केली. संगणकाच्या आज्ञावली जिथे रोज हजारो हातांनी लिहिल्या जातात, त्या ठिकाणाहून आमचे घर फार दूर नाही. तरीही घरात आज्ञावली बसविण्याची वेळ आली, तेव्हा आम्ही पुरते फसलो.

एक हिरवे बटण

नात सातवीत आहे. एके दिवशी शाळेतून येताच तिने जाहीर केले, "आजी, मला खेळ खेळायचा नाही, खेळ करायचाय." वर्गातील एका मुलाने म्हणे स्वतः खेळ तयार केला होता. घरात त्या वेळी आम्ही दोघीच होतो. तिने शोधयंत्रात 'खेळ बनविण्याची मोफत आज्ञावली' अशा अर्थाचे शब्द टाकले. सर्वांत वर जे नाव आले, ते प्रत्यक्षात जाहिरातीचे होते; पण ते ओळखण्याइतकी नजर ना तिला होती ना मला. त्या पानावर एक मोठे हिरवे बटण होते. ते दाबताच एक लहानशी फाइल उतरली. ती उघडताना संगणकाने विचारले, 'या आज्ञावलीला आपल्या संगणकात बदल करू द्यावेत का?' नातीने 'होय' म्हटले. मी शेजारीच बसले होते आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

खेळ बनविण्याची आज्ञावली काही आली नाही. तिच्याऐवजी तीन अनोळखी आज्ञावली येऊन बसल्या. महाजालाचे पहिले पान आपोआप बदलले आणि पडद्याच्या कोपऱ्यात जाहिराती उगवू लागल्या. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याच दिवशी सकाळी मी त्याच संगणकावरून खात्याचे व्यवहार केले होते. भरीत भर म्हणजे, पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून परवलीचा शब्द मी संगणकालाच लक्षात ठेवायला सांगितला होता.

चिरंजीवांना दूरध्वनी केला. त्यांच्या सांगण्यावरून प्रथम महाजालाची जोडणी तोडली. नंतर भ्रमणध्वनीवरून, म्हणजे वेगळ्या यंत्रावरून, खात्याचा परवलीचा शब्द बदलला. बँकेच्या ग्राहकसेवा क्रमांकावर घडलेला प्रकार कळविला आणि खात्याचा उतारा ओळीओळीने तपासला. सुदैवाने एक पैसाही गेला नव्हता. गेला असता, तर बँकेबरोबरच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर त्याच क्षणी तक्रार नोंदवावी लागली असती. हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहिलेला असावा, असे मला आता वाटते.

तंत्रज्ञाने संगणक पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसविले. पैसे वाचले खरे, पण दुसरेच काही हरवले होते. चिरंजीवांनी संगणकाला कुलूप घातले आणि 'आता खेळबीळ काही नाही' असा हुकूम काढला. नात रडली नाही, मात्र पंधरा दिवस ती संगणकाकडे फिरकलीसुद्धा नाही. 'होय' तिने म्हटले होते हे खरे. पण शेजारी बसून ते म्हणू देणारी मी होते. शिक्षा तिला एकटीलाच झाली, हे मला सलत राहिले. एका रविवारी मी चिरंजीवांना म्हटले, "दार कायमचे लावून कसे चालेल? आलेला कोण आहे हे विचारून मग दार उघडायला तिला शिकवू या. आणि मीही शिकते."

खेळ नव्हे, खेळाची कार्यशाळा

पुढच्या रविवारी आम्ही तिघे संगणकासमोर बसलो. सर्वप्रथम हवे काय ते ठरविले. खेळ बनविण्याची आज्ञावली म्हणजे स्वतः खेळ नव्हे. ती सुताराच्या कार्यशाळेसारखी असते. करवत, रंधा, पटाशी सारे तयार मिळते, वस्तू मात्र आपणच घडवायची. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये 'गेममेकर' लोकांपुढे ठेवली, तेव्हापासून अशी साधने घरगुती संगणकांवर रुजली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये लहान मुलांसाठी 'स्क्रॅच' आणली. तिच्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून कार्यक्रम तयार होतो. आठ-दहा वर्षांच्या मुलांनी तेथून आरंभ करणे उत्तम.

आमच्या नातीला मात्र 'मोठ्यांची' आज्ञावली हवी होती. चिरंजीवांनी 'गोदो' सुचविली. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर या दोघांनी ती रचली आणि २०१४ मध्ये तिचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. सॅम्युएल बेकेट यांच्या प्रसिद्ध नाटकावरून तिचे नाव ठेवले आहे. नाटकातील गोदोप्रमाणे आज्ञावलीची परिपूर्णताही कधी येऊन पोहोचत नाही, सुधारणा करण्याची इच्छा संपत नाही, असा त्यातील विनोद. तिला शुल्क नाही, आणि तिच्या साहाय्याने केलेला खेळ उद्या विकला, तरी कोणाला वाटा द्यावा लागत नाही. 'मोफत' या शब्दाला मी आता बिचकू लागले होते. परंतु परवान्याचा मजकूर उघडा ठेवून दिलेले मोफत आणि हिरव्या बटणामागे लपलेले मोफत यांतील अंतर त्या दिवशी समजले.

हा सारा पोरखेळ आहे, असेही कोणी समजू नये. आपल्या देशातील आरंभीच्या खेळनिर्मिती कंपन्यांपैकी एक, 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह', १९९७ मध्ये बेंगळूरुतच सुरू झाली. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या चमूने घडविलेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगभर पोहोचला. भारतीय पुराणकथांची पार्श्वभूमी असलेला हा खेळही अशाच एका कार्यशाळेत, 'अनरिअल' नावाच्या आज्ञावलीत, तयार झाला होता.

सही ताडून पाहणे

या वेळी पहिले काम भिंत बांधण्याचे होते. चिरंजीवांनी विंडोजमध्ये नातीच्या नावाचे स्वतंत्र खाते उघडले. या साध्या खात्याला संगणकात मूलभूत बदल करण्याचा अधिकार नसतो. तशी वेळ आलीच, तर संगणक मोठ्यांच्या खात्याचा परवलीचा शब्द मागतो आणि तो नातीजवळ नाही. बँकेचे व्यवहार मी केवळ माझ्या खात्यातून करू लागले आणि तेथेही परवलीचा शब्द साठवून ठेवण्याची सवय सोडली.

दुसरे काम मूळ ठिकाण गाठण्याचे. शोधयंत्राच्या पहिल्या ओळीवर विसंबून न राहता निर्मात्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता आम्ही स्वतः टंकला आणि अक्षर न् अक्षर पुन्हा वाचून पाहिला. तेथे आज्ञावलीचे दोन प्रकार दिसले, एक साधा आणि दुसरा 'डॉट नेट' जोडलेला. नवशिक्यास साधा प्रकार पुरेसा आहे. उतरली ती एक झिप फाइल, आकाराने एखाद्या चित्रपटापेक्षा कितीतरी लहान.

तिसरे काम मला सर्वाधिक आवडले. प्रत्येक आवृत्तीबरोबर निर्माते तिच्या फाइलींचे 'ठसे' प्रसिद्ध करतात. फाइलीतील सर्व मजकुरावर गणिती क्रिया करून १२८ अंकाक्षरांची एक ओळ काढलेली असते. फाइलीत एक टिंब जरी बदलले, तरी ही ओळ पार निराळी येते. आपल्याकडे उतरलेल्या फाइलीचा ठसा काढण्याची सोय विंडोजमध्येच आहे. 'सर्टयूटिल' ही आज्ञा त्यासाठी वापरतात. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून नात मोठ्याने वाचू लागली आणि मी बोटाने जुळवीत गेले. धनादेशावरील सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहतात, तसाच हा प्रकार. शेवटचे अक्षर जुळले, तेव्हा नातीचा चेहरा पंधरा दिवसांत प्रथमच खुलला.

पहिले दर्शन

आणि मग एक गंमत झाली. आज्ञावली बसविण्याची एवढी तयारी केली, पण बसवायचे असे काही नव्हतेच! झिप फाइल सोडविल्यावर आत दोन फाइली निघाल्या. त्यांतील एक जाणकारांसाठी. तिच्याबरोबर संदेशांची काळी खिडकीही उघडते. दुसरीवर दोनदा टिचकी मारली की आज्ञावली सुरू. ना कसली अनुमती मागणे, ना सोबत कोणी आगंतुक. नको झाली, तर ती फाइल पुसून टाकली की झाले. अशा वेळी विंडोज कधी कधी निळ्या चौकटीत सावधगिरीचा इशारा देते. तो दिसला, तर घाईने पुढे न जाता फाइल कोठून आणली आणि ठसा जुळला का, हे आठवावे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ठाम असेल, तरच पुढे पाऊल टाकावे.

प्रथम प्रकल्पांची यादी दिसते, अर्थातच रिकामी. नवा प्रकल्प निर्माण करताना नाव द्यावे लागते आणि एक रिकामी घडी, म्हणजे फोल्डर, निवडावी लागते. चित्रे रेखाटण्याच्या पद्धतीबद्दलही तेथे विचारणा होते. तीन पर्यायांपैकी 'कम्पॅटिबिलिटी' हा जुन्या आणि साध्या संगणकांना मानवणारा. आमचा संगणक आठ वर्षांचा, म्हणून आम्ही तोच निवडला.

यानंतर जो पडदा उघडला, त्याने नात क्षणभर गोंधळली. मध्यभागी रेघारेघांचे एक ओसाड मैदान. डावीकडे घटकांची जागा, तिच्याखाली फाइलींची यादी आणि यादीत निळ्या यंत्रमानवाच्या तोंडाचे एकुलते एक चित्र. उजवीकडे, निवडलेल्या घटकाचे गुणधर्म दाखविणारा फलक. वरच्या कोपऱ्यात त्रिकोणी बटण. नातीने ते तत्काळ दाबले, कारण तिला खेळ पाहायचा होता. आज्ञावलीने उलट प्रश्न केला, 'मुख्य दृश्य अद्याप ठरलेले नाही. निवडता का?'

"म्हणजे यात खेळच नाही?" नातीने विचारले.

"नाही. तो तू करायचास," चिरंजीव म्हणाले.

गोदोत प्रत्येक गोष्ट कुटुंबाच्या वंशवृक्षासारखी रचलेली असते. एक मूळ घटक, त्याची मुले आणि त्या मुलांची मुले. मूळ घटक हलविला की त्याच्यासोबत अख्खा परिवार हलतो. अशा एका वृक्षाला 'दृश्य' म्हणतात आणि अनेक दृश्ये जोडून खेळ होतो. नातीने एक मूळ घटक घेतला, दृश्य जतन केले, त्यालाच मुख्य ठरविले आणि पुन्हा बटण दाबले. एक राखाडी खिडकी उघडली. तीत काहीही नव्हते. तरी नात टाळी वाजवून म्हणाली, "आजी, चालला!" त्या रिकाम्या खिडकीचा तिला जो आनंद झाला, तो विकतच्या रंगीत खेळाने कधी झालेला मी पाहिला नाही.

चार पालथ्या म्हणजे शून्य नव्हे

खेळ कोणता करायचा, हा प्रश्न माझ्या कवड्यांच्या डबीने सोडविला. लहानपणी आम्ही 'चल्लस आठ' खेळत असू. पाच गुणिले पाच घरांचा पट, चार कवड्या, फुलीची घरे सुरक्षित. जितक्या कवड्या उताण्या, तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चल्लस, चारही पालथ्या पडल्या तर आठ; या दोन्ही दानांवर पुन्हा फेकायचे. पूर्ण खेळ पुढे करता येईल, पहिल्या दिवशी नुसते दान टाकायचे, असे ठरले.

नातीने दृश्यात एक बटण आणि मजकुराची एक पट्टी ठेवली. पट्टीवर मराठीत 'चल्लस आठ' असे टंकले आणि ते जोडाक्षरासह स्वच्छ उमटले. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोदोच्या चौथ्या आवृत्तीपासून जोडाक्षरांची नीट मांडणी होते. त्यापूर्वी अक्षरे विस्कटत असत. मग चिरंजीवांच्या मदतीने बटणासाठी आज्ञा लिहिल्या. चार वेळा शून्य किंवा एक यांपैकी कोणताही अंक घ्यायचा, त्यांची बेरीज करायची आणि ती पट्टीवर दाखवायची. पहिल्या प्रयत्नात एक ओळ लाल झाली, कारण तिच्या शेवटी दोन टिंबे द्यायची राहिली होती. ती दिली आणि दाने पडू लागली. दोन, तीन, दोन, एक, तीन... आणि मग शून्य.

"शून्य कसे?" मी एकदम म्हणाले. "चार पालथ्या म्हणजे शून्य नव्हे, आठ!"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. आज्ञावलीतील ही चूक व्याकरणाची नव्हती, खेळाच्या नियमाची होती आणि ती ओळखायला त्या खोलीत माझ्यावाचून दुसरे कोणी नव्हते. नातीने आणखी एक आज्ञा लिहिली, बेरीज शून्य आली तर आठ दाखव. तोवर केवळ राखण करायला बसलेली मी त्या क्षणापासून भागीदार झाले.

त्यातूनच थोडे गणितही निघाले. चार कवड्या पडण्याचे एकूण प्रकार १६. त्यांत दोनाचे दान सहा प्रकारे पडते, एक आणि तीन प्रत्येकी चार प्रकारे, तर चल्लस आणि आठ केवळ एकेका प्रकारे. खरी कवडी मात्र पाठीकडे फुगीर आणि पोटाकडे चपटी असते. ती नाण्यासारखी समतोल पडेलच असे नाही. म्हणून नात आता रोज डबीतील कवड्या फेकून वहीत दाने मांडून ठेवते. पुरेशी दाने जमली की त्या प्रमाणात आज्ञा बदलायची, असा तिचा बेत आहे.

सायंकाळी शेजारच्या कन्नड आजीबाई आल्या. पडद्यावरील कवड्यांचे दान पाहून त्या उद्गारल्या, "इदु नम्म चौकाबारा!" हा तर आमचा चौकाबारा! म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वोडेयर (१७९४–१८६८) पटावरील खेळांचे मोठे रसिक होते. त्या प्रांतात हाच खेळ चौकाबारा या नावाने घरोघर खेळला जातो. इतकी वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलो आणि आमचा खेळ एकच आहे, हे त्या दिवशी कळले. नातीने पट्टीवर मराठी नावाखाली कन्नड नाव लिहिले. खेळ दुसऱ्या यंत्रावर द्यायचा, तर तेथे अक्षरे चौकोनी दिसू नयेत म्हणून प्रकल्पातच टंक ठेवणे श्रेयस्कर. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'बलू' हा टंक मुक्त परवान्याने मिळतो आणि त्याच्या परिवारात देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या आहेत.

वाचकहो, आपल्या घरातील मुलानेही कधीतरी 'मला खेळ करायचाय' असे म्हटले, तर नकार देण्याची घाई करू नका आणि होकाराचीही करू नका. मुलासाठी वेगळे खाते उघडा. आज्ञावली तिच्या मूळ ठिकाणाहूनच आणा आणि तिचा ठसा ताडून पाहा. बँकेचा परवलीचा शब्द संगणकाच्या स्मरणात ठेवू नका. आणि पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसा. आमच्या संगणकाचे कुलूप चिरंजीवांनी त्याच रात्री काढले. आता कोणतीही नवी फाइल उघडण्यापूर्वी नात मला हाक मारते, "आजी, ठसा जुळवायला ये." आम्ही दोघी चष्मे सावरून बसतो, आणि ती मोठ्याने वाचू लागते.